पहिली कादंबरी कशी लिहावी : शेलूबाजारच्या होतकरूंसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका शेलूबाजार आणि पंचक्रोशीतल्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, आपल्या पोटात एक कादंबरी आहे असा संशय आला आहे. संशय खरा की खोटा हे तपासायचं यंत्र वाशिम जिल्ह्यात नाही. ते पुण्यातही नाही, फक्त तिथले लोक तसं कबूल करत नाहीत.

आधी थोडा धीर. आपल्या भागात लेखनाची परंपरा नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगावं की वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या सर्वसेन राजाने चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं, आणि पुढे पार काश्मिरात बसलेल्या आनंदवर्धनाने त्याची दखल घेतली. वाशिमच्या लेखकाला बाहेरगावी समीक्षक मिळाल्याची ही जुनी नोंद आहे. काव्य मात्र आज मिळत नाही. इतरांनी उद्धृत केलं तेवढंच उरलं. राजाच्या पुस्तकाची ही गत, आणि आपण अजून चौथ्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरलेला नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचावं.

साहित्य व साधने

दोनशे पानी वह्या तीन. पेन निळं. मोबाईल आहेच. लॅपटॉप नसल्यामुळे अडलेली कादंबरी बहुधा लॅपटॉप आल्यावरही अडते, म्हणून त्यासाठी घरी हट्ट धरू नये.

खरी टंचाई जागेची असते. घरात टीव्ही, अंगणात पाहुणे, वावरात काम. उरते अभ्यासिका. तिथे पंचवीस पोरं पोलीस भरती, तलाठी भरती आणि एमपीएससीच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेली असतात, आणि तिथली शांतता कादंबरीला फार मानवते. वहीवर 'सामान्य अध्ययन, टिपणे' असं लिहावं. शेजाऱ्याने डोकावून पाहिलंच तर नायिकेचं नाव पंचायत राजच्या एखाद्या समितीखाली झाकता येतं.

वेळेचं गणित सोपं आहे. ५० हजार शब्दांची कादंबरी आटोपशीर मानतात. रोज ३०० शब्द लिहिले तर साडेपाच महिने लागतात. सोंगणी, लग्नसराई, परीक्षा आणि मोबाईल धरून दीड वर्ष. प्रेरणेची वाट पाहत बसल्यास कितीही.

घरच्यांना सांगणे

सांगू नये. पण ते कळतंच, आणि संभाषण साधारण असं होतं.

"काय लिवून रायला रे एवढं?"

"कादंबरी, बाबा."

"कोनाची?"

"माझीच."

"मंग किती भेटते तिचे?"

या प्रश्नाचं खरं उत्तर याच मार्गदर्शिकेत पुढे दिलं आहे, पण ते बाबांना वाचून दाखवू नये. तुम्ही गप्प राहिलात की बाबा म्हणतात, "त्यापरीस तलाठ्याचा फारम भर." फॉर्म भरावा. त्यात दोन फायदे आहेत. घरात शांतता राहते, आणि परीक्षेला अमरावतीला नाहीतर नागपूरला जायला मिळतं. जाता-येता एसटीत जे ऐकू येतं, ते कोणत्याही लेखनकार्यशाळेत ऐकायला मिळत नाही.

आई विचारत नाही. ती फक्त म्हणते, "जेवून घे ना आधी, भाकर थंडी होऊन रायली." हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून ठेवावं. पुढे लागतं.

विषय निवडणे

नवशिक्याची पहिली कादंबरी पुण्यात घडते. नायक वसतिगृहात राहतो, सिगारेट ओढतो, कुणावर तरी प्रेम करतो, कशावरही विश्वास ठेवत नाही आणि दर चार ओळींनी 'वगैरे' म्हणतो. लेखक स्वतः पुण्याला एकदाच, लेखी परीक्षेसाठी, स्वारगेटपर्यंत गेलेला असतो. हा दोष त्याचा नाही. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक वसतिगृहात 'कोसला'च्या नायकासारखा एक तरी पांडुरंग सांगवीकर राहतोच. 'कोसला' जरूर वाचावी. वाचून झाल्यावर तीन महिने काही लिहू नये. अंगात चढलेलं उतरायला तेवढे दिवस लागतात.

नक्कल झालीच तरी घाबरायचं कारण नाही. हरि नारायण आपट्यांनी 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी विद्यार्थीदशेतच लिहायला घेतली. ती रेनॉल्ड्झ नावाच्या इंग्रज लेखकाच्या वळणावर होती आणि १८८५ च्या सुमारास 'पुणे वैभव'मधून आली. मग काही वर्षांत 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून ते स्वतःच्या वाटेला लागले. गणिताने घात केल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही, हा तपशील घरी सांगू नये. त्याऐवजी असं सांगावं की १९१२ साली आपल्या अकोल्यात साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष हेच हरिभाऊ होते. वाशिम तेव्हा आणि पुढे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. म्हणजे संमेलन आपल्याच जिल्ह्यात झालं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. होतकरू म्हणतो, "इथं काही घडतच नाही." तो हे ज्या चौकात उभा राहून म्हणतो, तिथून वाशिमची, मंगरूळपीरची, मालेगावची आणि कारंज्याची माणसं एकमेकांना ओलांडून जात असतात. गावाच्या नावातच बाजार आहे. नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथूनच जातो आणि आता समृद्धी महामार्गावर चढायची-उतरायची जागाही जवळच आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. त्यासाठी वावरं गेली, मोबदला आला, काही घरांत टिकला आणि काही घरांत आल्या वाटेने गेला. दोन भावांपैकी एकाच्या हिश्श्यातून रस्ता गेला आणि दुसऱ्याचा हिस्सा धुऱ्यापलीकडे तसाच राहिला, तर पुढच्या दिवाळीला त्या घरात कोण कुणाच्या पंगतीला बसतं, एवढ्यावर तीनशे पानं निघतात. हे कुण्या एका घराचं नाव घेऊन लिहू नये. गावात सगळे ओळखतात, आणि ज्याच्यावर लिहिलेलं नसतं तोच आधी भांडायला येतो.

जुन्या रस्त्यावरच्या चहावाल्याशी एकदा बोलून पाहावं. गाड्या वर समृद्धीवरून निघून जातात, गिऱ्हाईक खाली उतरत नाही. त्याने बाकडी कमी केली की कढई लहान केली, दूध किती लिटरवरून कितीवर आणलं, पोऱ्याला कधी सुट्टी दिली, हे सगळं विचारावं. कादंबरी अशा आकड्यांवर उभी राहते. 'विकासाच्या झंझावातात हरवलेला माणूस' हे वाक्य सुचल्यास खोडावं.

भाषा

वऱ्हाडीत लिहावं की प्रमाण मराठीत, यावर होतकरू सहा महिने विचार करतो आणि तेवढ्यात हंगाम जातो. हा प्रश्न उद्धव शेळक्यांनी १९६० मध्येच निकालात काढला आहे. त्यांच्या 'धग' कादंबरीतली कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसं बोलतात ती भाषा कुठल्याही वऱ्हाडी ओसरीवरची वाटते, आणि ती वाचताना कोल्हापूरच्या वाचकाचंही काही अडत नाही. पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया'त त्याच बोलीला कोलांटउड्या मारायला लावल्या. बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिन्ही पुस्तकं मिळवून वाचावीत, आणि हे काम पहिल्या वाक्याच्या आधी करावं. न वाचता लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत, त्यात भर नको.

नवशिक्याच्या हातून होणारी चूक अशी. त्याचं प्रत्येक पात्र प्रत्येक वाक्यात 'बाप्पा' म्हणतं. त्याने वऱ्हाडी होत नाही, गॅदरिंगमधला वऱ्हाडी होतो. आपल्या गावात सरपंच ग्रामसभेत एक भाषा बोलतात, घरी दुसरी आणि तहसीलदारांसमोर तिसरी. पोरगं आईशी वऱ्हाडीत बोलतं आणि मोबाईलवर पुण्याच्या मैत्रिणीशी बोलताना अंगणात जाऊन 'अगं, नाही गं' म्हणायला लागतं. हा फेर कानांनी टिपला की बोलीची अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी लढाई टायपिंगच्या दुकानात होते.

वही ते पान

मोबाईलवर बोलून टाइप करायची सोय आता आहे. ती पुण्या-मुंबईच्या मराठीवर वाढलेली असावी. आपण 'वावरात' म्हणावं आणि पडद्यावर 'वापरात' उमटावं, असं होतं. बोटांनी टाइप केलेलं बरं.

हे टायपिंग युनिकोडमध्ये असतं. छपाईची पानं लावणारे पुष्कळ लोक मात्र अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतात. तुमची फाइल त्यांच्या फॉन्टमध्ये बदलताना मजकूर चाळणीतून पडतो आणि सगळ्यात आधी जातो तो अर्धा र. 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात', 'शेतकऱ्याने' हे सगळे शब्द मोडतात. 'वऱ्हाडी' हा शब्दच नीट उमटत नाही, 'वर्हाडी' होऊन बसतो. पानं लावणारा दादा म्हणतो, "एवढं कोण पाहते?" तुम्ही पाहायचं. मुद्रितं हातात आली की बाकी सगळं सोडून एकदा फक्त या अर्ध्या र साठी सगळी पानं वाचायची. पट्टी ओळीखाली धरून, शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे. गोष्टीत गुंतलं की डोळा चुका गिळतो. उलटं वाचलं की गोष्ट लागत नाही, चुका दिसतात.

आणखी एक. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापतात. पंधरा फॉर्म म्हणजे २४० पानं. तुमची कादंबरी २४१ व्या पानावर तीन ओळी सांडत असेल, तर प्रकाशक फोन करून म्हणतो, "शेवट जरा आवरा." तो टीका करत नसतो, कागद वाचवत असतो. आवरावा. असा आवरलेला शेवट बहुतेक वेळा सुधारतोच.

मनोगत

हे कादंबरीच्या आधी लिहून झालेलं असतंच. फाडावं.

प्रकाशक

प्रकाशक ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारचे पुस्तक वाचतात, महिनोन्महिने उत्तर देत नाहीत आणि मग नाही म्हणतात. क्वचित हो म्हणतात आणि चाळीस पानं काढायला सांगतात. यांच्या वाटेला जावं. मराठीत संपादनाची मोठी परंपरा आहे. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका हस्तलिखितावर दिवसेंदिवस काम करत. चाळीस पानं काढा म्हणणारा माणूस तुमचा शत्रू नसतो, त्याने निदान ती चाळीस पानं वाचलेली असतात.

दुसऱ्या प्रकारचे प्रकाशक आठवड्याभरात हो म्हणतात. पत्रात 'आपली कादंबरी मराठी साहित्यात मैलाचा दगड ठरेल' असं असतं आणि खाली रक्कम असते. याला सहकार्य तत्त्व म्हणतात. यात पैशाचं सहकार्य तुमचं आणि पावतीचं त्यांचं. मग एके दिवशी शेलूबाजारच्या चौकात टेम्पो थांबतो, गठ्ठे उतरतात आणि पुढली पाच वर्षं ते पलंगाखाली राहतात. आई दर दिवाळीला त्यांच्यावरची धूळ झटकते. वावराच्या पैशातून हे करू नये, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून तर नाहीच.

पैसे मागताना या मंडळींची एक ठरलेली ओळ असते : 'आयएसबीएन नोंदणी शुल्क'. तो तेरा आकडी क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते आणि मोफत देते. हे वाक्य तोंडपाठ करून फोनवर म्हणावं. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरते, मग 'तसं नाही सर' सुरू होतं.

करारनाम्याशिवाय हस्तलिखित देऊ नये. त्यात किती प्रती, किती मुदत, मानधन किती आणि भाषांतराचे, सिनेमाचे हक्क कुणाकडे, हे लिहिलेलं असावं. लेखनहक्क आपल्या कायद्याने लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं टिकतो. सातबारावर वारसाचं नाव लावायला तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या घरातल्या पोराला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नसावी. तरीही तोच पोरगा छापील कागदावर न वाचता सही करतो, हे मी पाहिलेलं आहे.

तिसरी वाट सरकारी आहे आणि ती वाईट नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. जाहिरात येते, हस्तलिखित पाठवायचं असतं, जाणकार ते वाचतात. भरतीचे एवढे फॉर्म भरणाऱ्या गावाला हा एक फॉर्म जड जाऊ नये. शिवाय राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. तिथे तुमची स्पर्धा नेमाड्यांशी नसते, तुमच्यासारख्याच कुणाशी तरी असते.

किती भेटते तिचे?

आता बाबांचा प्रश्न. समजा, पुस्तकाची किंमत २५० रुपये, प्रती ५०० आणि मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर १२ हजार ५०० रुपये. दीड वर्षाचे. सगळ्या खपत नाहीत. गावातले लोक पुस्तक विकत घेत नाहीत, ते म्हणतात, "आपल्याच पोराचं हाय, देईन तो." आणि तुम्ही देता.

उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत, म्हणून दोन्ही सांगतो. जत तालुक्यातल्या निगडीचा नवनाथ गोरे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.ए. मराठी शिकत होता. घरची परिस्थिती हलाखीची. शिकता शिकता त्याने 'फेसाटी' लिहिली, जतच्या बोलीत, स्वतःच्या माणसांवर. २०१८ मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्याने पहिली कादंबरी लिहावी आणि दिल्लीने तिची दखल घ्यावी, याहून मोठं काय हवं? पण २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजातलं तात्पुरतं काम गेलं आणि हाच लेखक मजुरीला जातो आहे, अशा बातम्या आल्या. तुळजापूरचा देविदास सौदागर शिवणकामावर पोट भरत होता. त्याने शिंप्याच्याच आयुष्यावर 'उसवण' लिहिली आणि तिला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराला पस्तिशीची अट आहे आणि रक्कम ५० हजार रुपये. म्हणजे तलाठ्याच्या परीक्षेपेक्षा इथे वयाची सवलत बरी नाही, आणि पगार तर एकदाच.

म्हणून तलाठ्याचा फॉर्म भरावा असं वर लिहिलं आहे, ते गमतीने लिहिलेलं नाही.

पण एक नोंद घ्यावी. दोघांपैकी कुणीही पुण्याचा नायक उसना घेतलेला नाही. एकाने जतचं दुष्काळी माळरान घेतलं, दुसऱ्याने स्वतःचं शिलाई मशीन. शेलूबाजारचा चौक अजून कुणी घेतलेला नाही. निदान माझ्या वाचनात तरी आलेला नाही.

प्रकाशन समारंभ

लहान करावा. पाहुणे तीन, त्यातल्या एकाने पुस्तक वाचलेलं असावं अशी अट घालून पाहावी. शाली भाड्याने मिळत नाहीत. समारंभानंतर पाठ्यपुस्तकं विकणाऱ्या दुकानात पाच प्रती ठेवाव्यात आणि गावातल्या वाचनालयाला एक द्यावी. दुकानातल्या प्रतींचा हिशेब विचारायला महिन्याने जावं, रोज नको.

सर्वांत महत्त्वाची सूचना

हस्तलिखित पोस्टाने पाठवा, बसच्या कंडक्टरकडे द्या, कुणाच्या हाती पुण्याला धाडा, पण आधी झेरॉक्स काढा. इथून फार लांब नसलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, तेराव्या शतकात, म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' लिहिलं. परंपरा असं सांगते की पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि महानुभावांनी पाठ असलेल्या लीळा आठवून ती पुन्हा सिद्ध केली. तुमची कादंबरी पाठ असलेलं माणूस शेलूबाजारात एकही नाही. तेव्हा दोन प्रती काढा, एक घरी ठेवा आणि मगच पाकीट चिकटवा.